गाळात जपलेले बंदराचे दप्तर

कैसरियाला आपल्यापैकी बहुतेकजण सहलीने जाऊन आलेले आहेत. रंगमंडल पाहायचे, जलसेतूच्या कमानींच्या सावलीत डबे सोडायचे आणि परत बसमध्ये बसायचे, असा आपला शिरस्ता. हेरोद राजाने इ. स. पूर्व २२ च्या सुमारास बांधायला घेतलेले बंदर बघायला मात्र फारसे कोणी थांबत नाही, कारण त्याचा मोठा भाग पाण्याखाली आहे. योसेफसने ज्याला अथेन्सच्या पिरेअस बंदराहून मोठे म्हटले, ते बंदर गेले कुठे? आणि केव्हा? या प्रश्नाचे उत्तर शोधणारे लोक आजकाल दगडांपेक्षा चिखलाकडे जास्त बघतात. त्या चिखलाविषयी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख.

माझी सारी नोकरी इमारतींच्या पायासाठी माती तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर आठवड्यातून एक दिवस मी सागरी पुरातत्त्वाच्या एका प्रयोगशाळेत गाळ धुवायला जातो. काम हलके असते. वाटीभर गाळ बारीक जाळीच्या चाळणीवर घ्यायचा, वरून पाणी सोडायचे आणि जाळीवर जे उरेल ते वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली द्यायचे. तज्ज्ञ मी नव्हे. पण हाताखालून बराच चिखल गेला आहे.

मूळ तत्त्व अगदी साधे आहे. उघड्या किनाऱ्यावर लाटा बारीक कण टिकू देत नाहीत, तेथे रेतीच राहते. पाणी संथ झाले की तरंगणारे कण तळाशी बसतात. आपल्या ज्येष्ठांना हे सांगायला नको. रेवदंड्याकडची पुळण आणि खाडीतला गुडघाभर रुतणारा काळा चिखल यांतला फरक त्यांच्या पायांनाच ठाऊक आहे. बंदर म्हणजे तरी काय? जहाजांसाठी मुद्दाम संथ केलेले पाणी. त्यामुळे लाटा अडवणारा बांध घातला, की त्याच दिवसापासून आत गाळ साचू लागतो. ज्या आडोशासाठी बंदर बांधायचे, तोच आडोसा त्याला हळूहळू बुजवत असतो.

पुरातत्त्ववाल्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. जुन्या बंदरावर पुष्कळदा आजचे शहर उभे असते, म्हणून सगळीकडे खणता येत नाही. मग पोलादी नळी जमिनीत उतरवून मातीचा लांबच लांब दंडगोल बाहेर काढतात. तो उभा चिरला, की खालून वर वाचायचा. तळाशी समुद्राची पातळी चढत होती तेव्हाचे थर. साधारण सहा हजार वर्षांपूर्वी ती चढण बरीच मंदावली, त्यानंतरची शिंपल्यांची रेती. आणि मग एका ठिकाणी, कधी कधी बोटभर अंतरात, रेती संपून करडा, मऊ गाळ सुरू होतो. ती रेघ म्हणजे माणसाने तेथे बांध घातल्याची खूण. तिच्या वर खापऱ्या, ऑलिव्हच्या बिया, लाकडाचे तुकडे, चामडे असे बंदरात पडणारे सर्व काही सापडते. या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू त्यात टिकतात. वास मात्र सडक्या अंड्यांचा येतो, आणि घरी गेल्यावरही हातांना राहतो.

चाळणीवर उरणाऱ्या जीवांत ऑस्ट्रॅकोड फार उपयोगी. तिळाहूनही लहान, दोन शिंपल्यांत राहणारे, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले. त्यांची एक जात खाऱ्या पाण्यात सुखी, दुसरी मचूळ पाण्यात. सायप्रिडीस टोरोसा ही मचूळ पाण्याची जात एकदम वाढलेली दिसली, की समजावे, बंदराचे तोंड बुजत आले होते किंवा आत गोडे पाणी शिरत होते.

काळ ठरवताना किरणोत्सारी कार्बनचा आधार घेतात, पण येथे एक गोम आहे. समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना असतो, त्यामुळे शिंपल्याचे वय सुमारे चारशे वर्षांनी जास्त निघते. ती वजाबाकी करावी लागते, आणि ती प्रत्येक समुद्रात सारखी नसते. म्हणून ऑलिव्हची एक बी सापडली की प्रयोगशाळेत जो आनंद होतो, तो सोन्याचे नाणे सापडल्यावरही झाला नसता. बी जमिनीवर वाढलेली, तिला हा हिशेब लागत नाही.

आता या दप्तरातली पाने फाडणाऱ्यांविषयी. गाळाने बंदर उथळ झाले की जुने लोक हात जोडून बसत नव्हते, तो उपसत होते. फ्रान्समध्ये मार्सेय शहरी १९९२-९३ साली जुन्या बंदराच्या जागी खोदकाम झाले, तेव्हा रोमन काळातल्या अशा होड्या मिळाल्या, की ज्यांच्या मध्यभागी तळातच आरपार चौकोनी भोक होते. गाळ उपसण्यासाठीच त्या बांधल्या होत्या. नेपल्समध्ये भुयारी रेल्वेच्या कामात तर उपसणीचे ओरखडे बंदराच्या तळावर जसेच्या तसे दिसले. या स्वच्छतेचा सर्वांत मोठा फटका सोरला, म्हणजे टायरला, बसला आहे. निक मॅरिनर आणि ख्रिस्तोफ मोर्हांज यांनी तेथल्या उत्तरेकडील बंदराचे दंडगोल तपासले, तेव्हा फिनिशियन वैभवाच्या शतकांतला गाळ जवळजवळ नाहीच असे दिसले. पुढच्या ग्रीक-रोमन लोकांनी तो उपसून टाकला होता. हिराम राजाचे ज्या नगरीशी नाव जोडलेले, तिचीच पाने कोरी! कोणी म्हणेल, गाळ नाही म्हणजे तेव्हा बंदर नव्हते. तसे मुळीच नाही. उपसणीला पैसा आणि माणसे लागतात; ज्या बंदरात वर्दळ आहे तेच उपसले जाते. रिकामे पान हीसुद्धा नोंदच आहे, फक्त ती वाचणाऱ्याला धीर हवा.

गाळात जे दिसत नाही तेही बोलते. नेपल्सच्या गाळात शिसे मोजले गेले. शहराला पाणी शिशाच्या नळांतून येई आणि सांडपाणी बंदरात जाई, म्हणून नळांचे शिसे तळाशी साठत गेले. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाल्यावर काही काळाने त्या शिशाची जातच बदललेली दिसते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे म्हणणे असे, की उद्रेकात मोडलेली नळयोजना सुमारे पंधरा वर्षांत नव्या शिशाने पुन्हा उभी केली गेली. हे कोणत्याही इतिहासकाराने लिहून ठेवले नव्हते.

तर आता कैसरिया. तेथे नैसर्गिक उपसागर नाही, आणि नाईलची वाळू किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे सरकत येते. हेरोदच्या अभियंत्यांनी नेपल्सकडची ज्वालामुखीची राख जहाजांतून आणून, चुन्यात मिसळून पाण्याखाली घट्ट होणारे काँक्रीट ओतले. तरीही बाहेरचे बांध बसत गेले. बुडालेल्या बांधावर डोमिशियन बादशहाच्या नावाच्या शिशाच्या लगडी मिळाल्या आहेत. त्याची कारकीर्द इ. स. ८१ ते ९६. त्या वाहून नेणारे जहाज बांधावरच फुटले असेल, तर सुमारे शंभर वर्षांतच बांध धोकादायक खोलीवर गेला होता. गाळही तसेच सांगतो, आधी संथ पाण्याचा बारीक चिखल आणि वर दगडगोट्यांचा, फुटक्या शिंपल्यांचा थर. २००६ साली काही संशोधकांनी हा थर इ. स. ११५ च्या डिसेंबरातल्या भूकंपानंतरच्या त्सुनामीचा मानला. इतरांचे म्हणणे, की काँक्रीट सैल वाळूवर उभे होते, वाळू खालून धुपली आणि ठोकळे आपोआप खचले.

माझ्यासारख्या पाये तपासणाऱ्याला दुसरे कारण अधिक पटते. जड बांधकाम आणि खाली मोकळी वाळू, हे गणित मी इमारतींत पुष्कळदा पाहिले आहे. पण लाटेचा थर खरा असेल तर तोही नाकारता येत नाही. खचत चाललेल्या बांधावर एक मोठी लाट आली, तर दोन्ही बाजू बरोबर ठरू शकतात. त्यासाठी त्याच थराचे अनेक ठिकाणचे नमुने लागतील, बंदरातले आणि बंदराबाहेर खोल पाण्यातले. वादळाने लोटलेली रेती आणि त्सुनामीने आणलेली रेती एका नळीत सारखीच दिसू शकते.