हाताने भिरकावलेलं विमान

धान कापून झालं, की भंडाऱ्याकडच्या मोकळ्या बांध्यांत थर्माकोलचं विमान उडवायला भरपूर जागा मिळते. नजरेआड गेलं की मात्र ते हरवलंच! मेनार्ड हिल यांना तर नीट दिसतही नव्हतं.

अमेरिकेतले हे धातुतज्ज्ञ. मॉडेल विमानांचे पंचवीस विश्वविक्रम त्यांच्या नावावर. म्हातारपणी नजर अधू झाली, ऐकूही कमी यायला लागलं. बाल्सा लाकडाची फळी ते बोटांनी चाचपून घासायचे. डोक्यात खूळ एकच, मॉडेल विमानाने अटलांटिक ओलांडायचा.

२००२ मध्ये त्यांची विमानं समुद्रात बुडाली. लोक हसले असतील, हसण्यासारखंच होतं ते. ९ ऑगस्ट २००३ला न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून ७७ वर्षांच्या हिल यांनी पाच किलोंहूनही हलकं विमान हाताने भिरकावलं. पुढचं काम जीपीएस आणि स्वयंचालक यंत्रणेचं. मध्ये काही तास संपर्कच तुटला.

३८ तास ५२ मिनिटांनी ते आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. अंतर सुमारे ३,०३० किलोमीटर. म्हणजे भंडारा-नागपूर पन्नासेक वेळा, तेही इंधनाच्या एकाच टाकीत!

हिल २०११ मध्ये गेले. विमानाचं नाव होतं ‘स्पिरिट ऑफ बट्स फार्म’. ज्या शेतात मित्रमंडळी चाचण्या घेत, त्या शेताचं.