जपारंभीची शरीरलक्षणे : प्रगतीची खूण की रोगाची चाहूल?

भाईंदर पूर्वेस खाडीकाठी वसलेल्या जेसल पार्क परिसरात मंत्रजपाची परंपरा अनेक भाषांतून नांदते. मराठी घरांतील नामस्मरण, जैन कुटुंबांतील नवकार, कोणाची गायत्री, तर कोणाचा केवळ ओंकार. पहाटे चौपाटीवर फेरफटका मारून बाकावर डोळे मिटून बसलेली मंडळी येथे नित्य दिसतात. यातील अनेकांनी जप नव्यानेच आरंभिलेला असतो. कोणी निवृत्तीनंतर, कोणी घरातील मृत्यूनंतर, तर कोणी रक्तदाब वाढल्यावर ‘मन शांत ठेवा’ असा सल्ला मिळाल्यामुळे.

अशा नवसाधकांपैकी काही जण दोन-चार आठवड्यांत आमच्यासारख्या वैद्यांकडे येतात. भुवयांच्या मध्ये दाब जाणवतो, डोके जड होते, हातापायांना मुंग्या येतात, अंगाला अकस्मात झटका बसतो, जांभया आवरत नाहीत, डोळ्यांतून पाणी वाहते, छाती धडधडते, तळवे जळतात, झोप उडते, विनाकारण रडू येते, अशा त्यांच्या तक्रारी असतात. येण्यापूर्वी त्यांना बहुधा दोन उत्तरे मिळालेली असतात. सत्संगातील स्नेही सांगतात, ‘ही प्रगतीची खूण आहे, जप वाढवा.’ घरची माणसे सांगतात, ‘तुम्हाला हे मानवत नाही, सोडून द्या.’ आमच्या मते ही दोन्ही उत्तरे परीक्षणावाचून दिलेली आहेत. जपकाळी उद्भवलेले लक्षण हेही लक्षणच होय. त्याचा हेतू शोधावा, दोष पाहावा आणि मगच साध्यासाध्यतेविषयी बोलावे, एवढेच प्रस्तुत लेखाचे सांगणे आहे.

पूर्वसूरींनी सांगून ठेवलेले

साधनेत शरीर तक्रार करते, ही गोष्ट आपल्या शास्त्रांना नवी नाही. पतंजलींनी योगसूत्रांच्या समाधिपादात नऊ अंतराय सांगितले असून त्यांत पहिले स्थान व्याधीला दिले आहे. पुढच्याच सूत्रात या अंतरायांचे सहचर म्हणून दुःख, दौर्मनस्य, अंगमेजयत्व म्हणजे अंगाचा कंप आणि श्वास-प्रश्वासाची विकृती यांची गणना केली आहे. येथे ध्यानात घेण्याजोगे असे की पतंजलींनी कंपाला सिद्धी म्हटले नाही, विक्षेपाचा सोबती म्हटले आहे. स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत प्राणायामाच्या कनिष्ठ अवस्थेत स्वेद व मध्यम अवस्थेत कंप सांगितला आहे. मात्र अयुक्त अभ्यासाने उचकी, श्वास, कास आणि शिर-कर्ण-नेत्रांच्या वेदना होतात, असा इशाराही त्याच उपदेशात आहे. एकाच ग्रंथात दोन्ही बाजू मांडलेल्या असताना आपण सोयीची तेवढी उचलणे योग्य नव्हे.

आपल्या जिल्ह्याशी निगडित असे एक उदाहरणही उपलब्ध आहे. गणेशपुरी येथे १५ ऑगस्ट १९४७ रोजी भगवान नित्यानंदांकडून दीक्षा घेतल्यानंतर स्वामी मुक्तानंद येवल्याजवळ एकांतात साधनेस बसले. ‘चित्शक्तिविलास’ या आत्मवृत्तात त्यांनी त्या काळातील देहाच्या अनिवार हालचाली, भोवतालचा परिसर पेटल्यासारखा दिसणे आणि आपली बुद्धी भ्रष्ट होत आहे की काय अशी भीती यांचे वर्णन केले आहे. असे अनुभव पूर्वीच्या साधकांनाही आले होते, हे पुढे एका ग्रंथातून कळल्यावर त्यांच्या मनावरील भार उतरला, असेही ते लिहितात. या अनुभवांच्या आध्यात्मिक अर्थाविषयी मत देणे आमचे काम नव्हे. वैद्याला त्यातून घेण्यासारखा बोध हा की लक्षणाइतकाच त्रास लक्षणाच्या अज्ञानातून होतो. रुग्णाला नेमके काय घडत आहे हे समजावून सांगणे हाही चिकित्सेचाच भाग होय.

चरकांचा वेगविचार

नवसाधकांच्या तक्रारी ऐकताना चरकसंहितेतील सूत्रस्थानाचा सातवा अध्याय पुनःपुन्हा आठवतो. तेथे सांगितलेल्या तेरा अधारणीय वेगांत जृंभा, बाष्प आणि निद्रा यांचाही अंतर्भाव आहे. जांभई दडपल्याने अंग वाकणे, आक्षेप, संकोच, सुप्ती आणि कंप होतात. अश्रू रोखल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम होतात. निद्रा रोखल्याने जृंभा, अंगमर्द, तंद्रा, शिरोरोग आणि डोळ्यांचे जडत्व येते. या यादीशेजारी आमच्या रुग्णांची यादी ठेवून पाहावी. मुंग्या, झटके, जड डोके, जड डोळे, चक्कर, यातील बहुतेक सर्व तेथे आहे.

कारण उघड आहे. ‘जपात जांभई येणे हा आळस आहे’ अशा समजुतीने नवसाधक जांभई गिळतो. चारचौघांत लाज वाटते म्हणून डोळ्यांतले पाणी आवरतो. रात्री उशिराच्या लोकलने घरी येऊन बारा वाजता निजतो आणि चार वाजता ब्राह्ममुहूर्त साधण्यासाठी उठतो. वाग्भटांनी ब्राह्ममुहूर्ती उठण्यास सांगितले आहे ते स्वस्थ पुरुषाला, हे विसरले जाते. ज्याची निद्राच पुरी झालेली नाही त्याला चार तासांच्या झोपेवर आसनस्थ करणे म्हणजे वातप्रकोपाला आमंत्रण देणे होय. अशा रुग्णास आम्ही प्रथम औषध देत नाही. जपाची वेळ सायंकाळी किंवा सकाळी सातनंतर ठेवण्यास सांगतो, जांभई आली तर येऊ द्यावी, रडू आले तर रडावे, असे स्पष्ट सांगतो. अश्रुनिग्रहजन्य विकारांत चरकांनी निद्रा व प्रिय कथा सांगितल्या आहेत. शोकानंतर जपास बसलेल्या रुग्णासाठी हा उपचार आजही तितकाच उपयुक्त आहे.

वाणी, आसन आणि श्वास

सिद्धिस्थानाच्या बाराव्या अध्यायात शोधनानंतर प्रकृतिस्थ न झालेल्या रुग्णास वर्ज्य असे आठ भाव सांगितले आहेत. त्यांत उच्चैर्भाष्याने शरीराच्या ऊर्ध्वभागी, अतिआसनाने मध्यभागी आणि रथक्षोभाने सर्व देहात पीडा होते. हा उपदेश जपासाठी नाही, तरी त्यातील विचार येथे लागू पडतो. एक तास मोठ्याने जप करणाऱ्याचा घसा बसतो व डोके दुखते. सवय नसताना पद्मासनात बसणाऱ्याची कंबर धरते. गुडघ्याच्या बाहेरील बाजूस नाडीवर दाब पडून पाऊल बधिर होते, त्याला कुंडलिनीशी जोडण्याचे कारण नाही. आणि भाईंदर ते चर्चगेट असा रोजचा प्रवास उभ्याने करणाऱ्यास रथक्षोभाचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज नसावी.

श्वासाचे तसेच. संख्या पूर्ण करण्याच्या घाईत मंत्राबरोबर श्वासही जलद होतो. जलद व खोल श्वसनाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि ओठांभोवती व बोटांत मुंग्या, डोके हलके होणे, धडधड अशी लक्षणे येतात. याउलट संथ उच्चाराचा परिणाम सौम्य असतो. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बर्नार्डी व सहकाऱ्यांनी २३ प्रौढांवरील निरीक्षण प्रसिद्ध केले. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना किंवा ‘ॐ मणिपद्मे हुं’ हा मंत्र म्हणताना श्वसन मिनिटाला सुमारे ६ वर येते व हृदयाची लय त्याच्याशी जुळते, असे त्यांना आढळले. तेव्हा मंत्र कोणताही असो, त्याची गती शरीराला कळते. भ्रूमध्यातील दाबही बहुधा कपाळाचे स्नायू आक्रसल्याने व डोळे वर ताणल्याने येतो. दृष्टी सैल सोडून उपांशु जप करविल्यास तो अनेकदा कमी होतो.

शिथिलतेचीही काही लक्षणे असतात. निजण्याच्या सीमेवर बसणारा झटका, पोटात गुरगुर, उबदारपणा, हातपाय जड वाटणे ही क्षणिक होत. शांततेत कानांतील सूक्ष्म नाद प्रथमच ऐकू येतो, तो बहुधा आधीपासून असलेलाच असतो. काहींना मात्र शिथिल होतानाच भीती वाटते. १९८३ मध्ये हाइडे व बोर्कोवेक यांनी शिथिलीकरणातून उद्भवणाऱ्या या चिंतेचे वर्णन केले. २०२० मध्ये फारियास व सहकाऱ्यांनी ध्यानाच्या विविध पद्धतींवरील ८३ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात प्रतिकूल अनुभवांचे प्रमाण ८.३ टक्के दिसून आले आणि चिंता व विषाद ही त्यांतील प्रमुख लक्षणे होती. हे आकडे केवळ मंत्रजपाचे नव्हेत, तरी ध्यान सर्वांस सर्वकाळ निरुपद्रवी असते, हा समज त्यामुळे टिकत नाही.

जेथे जप थांबवून रुग्ण पाठवावा

आता मुख्य चिंतेचा विषय. जपकाळी घाम आला तर ‘ग्रंथात सांगितले आहे’ असे म्हणून साधक निश्चिंत होतो. परंतु छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, धाप आणि थंड घाम ही हृद्रोगाची आत्ययिक अवस्था असू शकते. तिला ‘अनाहत उघडत आहे’ असे म्हणून गमावलेला प्रत्येक तास हृदयाच्या मांसपेशींना महाग पडतो. मधुमेहासाठी इन्सुलिन वा गोळ्या घेणारा रुग्ण उपवास करून जपास बसला, तर घाम, कंप व धडधड ही रक्तशर्करा उतरल्याची लक्षणे असतात. पर्युषण, नवरात्र वा श्रावण या काळात आपल्या परिसरातील वैद्यांनी हे विशेषेकरून विचारावे. झटक्यांसोबत शुद्ध हरपणे, जीभ चावली जाणे वा वस्त्रात मूत्रविसर्जन होणे हे अपस्माराकडे बोट दाखवते.

मानसिक लक्षणांत चार गोष्टी धोक्याच्या होत. अनेक रात्री झोप न येऊनही थकवा न वाटणे, आपणास विशेष कार्यासाठी निवडले आहे अशी खात्री, आज्ञा देणारे आवाज ऐकू येणे आणि जीवन नकोसे होणे. येथे जप तत्काळ थांबवावा, रुग्णास एकटे ठेवू नये व मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तो क्रमांक चिकित्सालयात लावून ठेवावा. दौर्मनस्याचे रूपांतर उन्मादात होईपर्यंत वाट पाहणे शास्त्राला धरून नाही.

औषधालयचालकांस विनंती

अशा तक्रारी घेऊन रुग्ण वैद्याआधी अनेकदा औषधालयात येतो आणि ‘डोके शांत होईल असे काही द्या’ म्हणतो. त्या क्षणी आपले उत्तर निर्णायक ठरते. सर्पगंधेचेच पाहू. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाबावरील तिच्या उपयोगाकडे लक्ष वेधले आणि मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. हे वैभव खरे, परंतु तीच वनस्पती विषाद वाढवू शकते, हेही पुढे सिद्ध झाले. रडू येते व झोप नाही असे सांगणाऱ्या नवसाधकास ती परस्पर देणे धोक्याचे होय. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यास दाब अतिशय उतरतो. निद्राकर औषधे घेणाऱ्यास जटामांसी वा अश्वगंधा देताना, तसेच थायरॉइडच्या रुग्णास अश्वगंधा देतानाही वैद्याचा सल्ला आवश्यक समजावा.

औषध देण्यापूर्वी पाच प्रश्न पुरेसे आहेत. जप केव्हापासून व किती वेळ? झोप किती? उपवास आहे का? कोणती औषधे चालू आहेत, आणि जप सुरू केल्यावर त्यांतील एखादे बंद केले का? छातीत दुखते वा शुद्ध हरपते का? चौथ्या प्रश्नाचा उत्तरार्ध कधीही गाळू नये. रक्तदाबाची वा अपस्माराची गोळी ‘आता नामावर भिस्त’ म्हणून सोडणे हा जपाचा दुष्परिणाम नसून औषधत्यागाचा दुष्परिणाम आहे, परंतु दोष मात्र नामाला लागतो.

आमचा उपक्रम

सौम्य लक्षणांत आमचा क्रम साधा आहे. तीन दिवस विश्रांती, नंतर दहा मिनिटांपासून पुनरारंभ. खुर्चीवर किंवा भिंतीला टेकून बसणे, श्वास नैसर्गिक, जप उपांशु, जेवणानंतर दोन-तीन तासांचे अंतर. उठण्यापूर्वी दोन मिनिटे डोळे उघडून स्वस्थ बसावे. रक्तदाबाच्या रुग्णास एकदम उठल्याने येणारी भोवळ त्यामुळे टळते. रात्री पादाभ्यंग, आहारात उष्ण, स्निग्ध व ताजे अन्न. रक्तदाब पहिले काही आठवडे जपापूर्वी व जपानंतर मोजावा. दर आठवड्यास पाच मिनिटे वाढवावीत, लक्षण परतल्यास पुन्हा कमी करावीत.

चरकांनी औषधाचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय असे तीन प्रकार सांगितले आणि मंत्राला पहिल्यात स्थान दिले. जो मंत्राला औषध मानतो त्याने त्याची मात्रा, काल व पात्र यांचाही विचार केला पाहिजे. अमृततुल्य औषधही अयुक्त योजनेने विषवत् होते, हे आपण रोज रुग्णांस सांगतोच. वैद्यबंधूंनी व औषधालयचालकांनी आपल्या नोंदवहीत ‘जप अथवा ध्यान : केव्हापासून, किती वेळ’ असा एक रकाना यापुढे ठेवावा. त्या रकान्यातील एक ओळ एखाद्याची निष्कारण भीती घालवील, तर एखाद्यास वेळीच रुग्णालयात पोहोचवील.