नोटीस प्लॉटवाल्याला, तार वस्तीच्या डोक्यावर

वस्तीवरून हायटेन्शन लाईन जाणार असे कळले की वस्ती विरोधाला उभी राहते, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या कपाळावर 'विकासविरोधी' असा शिक्का बसतो. शिक्का मारणाऱ्यांना आम्ही एवढीच आठवण करून देतो की, वीज स्वस्त आणि मुबलक झाल्याशिवाय या देशात उद्योग उभे राहणार नाहीत आणि दारिद्र्य हटणार नाही, ही मांडणी १९४३ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूरमंत्री म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली होती. त्यांच्या अनुयायांना विजेचे महत्त्व कोणी शिकवू नये. वीज सगळ्यांची, मग तार मात्र ठरावीक लोकांच्याच डोक्यावर का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

विदर्भातल्या एका शहराच्या कडेला असलेल्या वस्तीत आम्ही बैठकीला गेलो होतो. विहारासमोर चटया अंथरलेल्या. २२० केव्हीची वाहिनी आखून, खुंट्या मारून झालेल्या. एक खुंटी तर थेट बालवाडीच्या ओट्याला लागून. पुढारी भरपूर बोलले. पण मुद्द्याचे बोलली ती धुणीभांडी करणारी एक बाई. "वकीलसाहेब, नोटीस आली प्लॉटवाल्याले. तार जाते आमच्या डोक्यावरून. मंग आमी कोन?" त्या रात्री आमच्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हते, हे कबूल केले पाहिजे. कायद्याची पदवी असूनही नव्हते.

घरी येऊन पुस्तके काढली. हा सगळा कारभार चालतो तो १८८५ च्या भारतीय तार कायद्यावर. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ नुसार सरकार आदेश काढून पारेषण कंपनीला तार खात्याचे अधिकार बहाल करू शकते. एकदा ते मिळाले की जमीनमालकाची संमती लागत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केले. जुलै २०१३ मध्ये तार सेवा बंद पडली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तर १८८५ चा कायदा मोडीत काढण्याचीच तरतूद केली, पण पारेषण वाहिन्यांपुरता त्याचा तिसरा भाग राखून ठेवला. इंग्रज गेले, तार गेली, तारवाल्याचा हुकूम मात्र राहिला!

पण याच कायद्यात त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. कलम १० सांगते की कंपनीला मिळतो तो फक्त वापराचा हक्क, आणि तो वापरताना शक्य तितके कमी नुकसान करून, झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई 'हितसंबंध असलेल्या सर्व व्यक्तींना' दिली पाहिजे. नीट वाचा. कायदा 'मालकाला' म्हणत नाही, सर्व हितसंबंधितांना म्हणतो. १६४ चा आदेशच नसेल तर वीज कायद्याचे कलम ६७ आणि त्याखालील नियम लागू होतात, आणि त्या कलमात 'मालक किंवा भोगवटादार' असे शब्द आहेत. म्हणून मोजणीवाले वस्तीत आले की पहिला सवाल हाच करायचा: १६४ चा आदेश कुठे आहे? त्याची प्रत द्या. आमच्या अनुभवात या सवालाला साहेबलोक सर्वात जास्त चिडतात.

भरपाईचे आकडे ऐकायला छान आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जमिनीसाठी जमीनमूल्याच्या ८५ टक्के भरपाई सुचवली होती, जून २०२४ मध्ये ती २०० टक्क्यांवर नेली. पण टक्के कशाचे? जमिनीच्या किमतीचे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, आखीव पत्रिका नाही, जो तीस वर्षे नझुलाच्या जागेवर राहतो, त्याच्यापुरते शून्याचे २०० टक्के शून्यच. आणि २२० केव्हीच्या वाहिनीला सर्वसाधारणपणे ३५ मीटर रुंदीची मार्गिका धरतात. दहा फुटी खोल्यांच्या वस्तीत हे अंतर म्हणजे ओळीने अकरा घरे झाली.

तार आणि घर जवळ आले की काय होते हे नागपूरने पाहिले आहे. २०१७ साली सुगतनगरात उच्चदाब वाहिनीच्या धक्क्याने जुळी भावंडे गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली, विशेष समिती नेमली, आणि शहरभर तारांच्या धोकादायक अंतरात उभी असलेली हजारो बांधकामे उजेडात आली. तिथे तार आधी होती, इमारती मागून आल्या. तारेखाली प्लॉट पाडून विकणारा पैसे मोजून मोकळा झाला, बांधकामाकडे ज्यांनी लक्ष द्यायचे त्यांनी डोळे मिटले, आणि बोल लागला तो घर घेणाऱ्याला.

कायद्याच्या नजरेत म्हणूनच 'आधी कोण?' हा प्रश्न कळीचा ठरतो. १९५६ च्या वीज नियमांपासून तत्त्व असे चालत आले आहे की तार आधी असेल आणि बांधकाम नंतर, तर तार हलवण्याचा खर्च बांधकाम करणाऱ्याच्या माथी. आज वस्ती गप्प बसली आणि उद्या टॉवर उभा राहिला, तर परवा हीच जुनी वस्ती कागदोपत्री तारेखाली नंतर घुसलेले अतिक्रमण ठरू शकते. म्हणून हरकत आत्ता, लेखी आणि पोच घेऊनच द्यावी. विरोध झाला तर कंपनीला कलम १६ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते. तिथे वस्तीने वाहिनीचा मार्ग बदलण्याची किंवा भूमिगत केबलची मागणी रेटली पाहिजे. भरपाई अपुरी वाटली तर दाद जिल्हा न्यायाधीशांकडे. दंडाधिकाऱ्यांचा आदेश झाल्यावर मात्र काम अडवणे हा गुन्हा धरला जातो. आमच्या तरुणांना टायर जाळण्याची भारी हौस, म्हणून हे मुद्दाम लिहितो. गुन्हा नोंदवला की पोराची नोकरी जाते, टॉवर जागचा हलत नाही.

त्या वस्तीत आम्ही परत गेलो ते पुरावे गोळा करायला. करपावत्या, मतदार यादीतली नावे, शाळेचे दाखले, जे मिळेल ते. त्याच बाईने पत्र्याच्या पेटीतून साडीच्या घडीत ठेवलेला एक कागद काढला. १९९६ सालचे विजेचे बिल. नाव तिच्या सासऱ्याचे, पत्ता याच वस्तीचा, भरणा केल्याचा शिक्का अजून वाचता येतो. वाहिनीच्या आराखड्यात ही जागा 'मोकळी जमीन' म्हणून दाखवलेली आहे. हरकतीच्या अर्जाला जोडलेला पहिला कागद तोच आहे.