गुडघ्याचे दुखणे आणि मज्जारज्जू

पन्नाशी उलटली की आपल्यापैकी अनेकांचे गुडघे कुरकुरू लागतात. जिना चढताना कठड्याचा आधार लागतो, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. डॉक्टर एक्स-रे पाहून ‘झीज झाली आहे’ असे सांगतात आणि घरची मंडळी ‘वयोमानाने व्हायचेच’ म्हणून विषय संपवितात. परंतु एक कोडे शिल्लक राहते. एकाच्या एक्स-रेमध्ये भरपूर झीज दिसते, तरी तो रोज बाजारहाट करतो. दुसऱ्याच्या एक्स-रेमध्ये थोडीशीच झीज असते, पण त्याला रात्रीची झोप नसते. अशा माणसाला, विशेषतः घरातील स्त्रीला, ‘उगीच बाऊ करतेस’ असे ऐकावे लागते. हे बोलणे का अन्यायाचे आहे, ते समजण्यासाठी गुडघ्याबरोबरच पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचीही ओळख करून घेतली पाहिजे.

वेदना निघते कोठून?

झीज होऊन होणाऱ्या संधिवाताला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. यात हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा विरळ होत जाते. गंमत अशी की, या कूर्चेत वेदना वाहून नेणारे मज्जातंतू नसतातच. दुखते ते कूर्चेखालचे हाड, सांध्याचे आतील अस्तर आणि सांध्याभोवतीचे वेष्टन. अस्तराला सूज आली की तेथे काही रसायने तयार होतात व मज्जातंतूंची टोके चेतविली जातात.

तेथून निघालेला संदेश मांडीतून व कमरेतून मज्जारज्जूत शिरतो. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याच्या मागील भागातील पेशी हा संदेश प्रथम स्वीकारतात व नंतर मेंदूकडे पाठवितात. मेंदूने त्याची दखल घेतली म्हणजे आपल्याला ‘दुखते’.

मज्जारज्जू म्हणजे नुसती तार नव्हे

पूर्वी मज्जारज्जूला केवळ निरोप पोहोचविणारी तार समजत असत. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी वेगळा विचार मांडला. मज्जारज्जूत जणू एक दार असते. ते कधी अधिक उघडते, कधी मिटते, असे त्यांनी सांगितले. मुलाचे कोपर आपटले की आई ते चोळते आणि मुलाचे रडणे थांबते. स्पर्शाचे संदेश वेगवान तंतूंमधून येऊन वेदनेचे दार काहीसे लोटून घेतात. या सिद्धान्ताच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मूळ कल्पना टिकली.

१९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून आणखी एक गोष्ट दाखविली. इजा झाल्यानंतर खुद्द मज्जारज्जूतील पेशीच हळव्या होतात.

हे कसे घडते? एरवी या पेशींवरील काही दारांना मॅग्नेशियमचे बूच बसलेले असते. सांध्याकडून महिनोन्‌महिने संदेशांचा मारा होत राहिला की हे बूच निघते, कॅल्शियम आत शिरते आणि पेशी अधिक उत्तेजित होते. शेजारच्या मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशीही जाग्या होऊन ही उत्तेजना वाढवितात. सभेतील ध्वनिक्षेपकाचे बटण कोणी मोठे करून ठेवावे, तसे हे होते. वक्ता हळू बोलला तरी कर्ण्यातून आवाज मोठाच येतो. मग साधे चालणे दुखते, हलका दाबही सोसत नाही आणि दुखणे गुडघ्याबाहेर मांडी-पोटरीपर्यंत पसरते.

आवाज कमी करणारी व्यवस्थाही निसर्गाने दिली आहे. मेंदूकडून खाली येणारे तंतू सेरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलिन यांच्या साहाय्याने मज्जारज्जूवर लगाम ठेवतात. अपुरी झोप, सततची चिंता व खिन्नता यांनी हा लगाम ढिला पडतो. म्हणून गुडघ्यात नवीन काही बिघडले नसताही काळजीच्या दिवसांत तो अधिक दुखतो. हे ढोंग नव्हे. हे शरीराचेच कार्य आहे.

मग उपाय कोणते?

पहिली गोष्ट, दुखणे वाढले म्हणजे झीज वाढलीच, असे समजून अंथरूण धरू नये. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम हा उपचाराचा पाया आहे. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, थोडा वेळ धरावा व सावकाश खाली आणावा. सपाट जागेवर नियमित चालावे व हळूहळू अंतर वाढवावे. नियमित व्यायामाने वेदनेवरील नैसर्गिक लगामही घट्ट होण्यास मदत होते.

दुसरी गोष्ट वजनाची. स्थूल व्यक्तीचे वजन एक किलो घटले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने हलका होतो. झोपेकडेही औषधाइतकेच लक्ष द्यावे.

तिसरी गोष्ट औषधांची. वेदनाशामक गोळ्या मनाने वर्षानुवर्षे घेतल्यास जठर व मूत्रपिंडे यांना इजा होऊ शकते. काही वेळा डॉक्टर ड्युलोक्सेटिन हे औषध देतात. ‘हे तर मनाच्या आजाराचे औषध’ म्हणून रुग्ण ते परस्पर बंद करतात. वास्तविक ते मज्जारज्जूवरील लगाम बळकट करण्यासाठी दिलेले असते. अशा दुखण्यासाठी अमेरिकेत त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. ते सर्वांनाच मानवत नाही; म्हणून सुरू करणे व थांबविणे, दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे.

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया बहुतेकांना आराम देते. तरीही गुडघा बदललेल्यांपैकी सुमारे पाचांतील एकाचे दुखणे काही प्रमाणात उरते, आणि त्यामागे मज्जारज्जूचा हळवेपणा हे एक कारण असू शकते. मात्र सांधा लाल व गरम होऊन ताप आला, पायातील शक्ती गेली किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर त्वरित रुग्णालय गाठावे.

वेदना एक्स-रेच्या फिल्मवर उमटत नाही. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी ‘दुखते’ म्हटले की ते आधी खरे मानावे, आणि मग त्यांचा हात धरून त्यांना चार पावले चालवावे. विद्यार्थी मित्रांनी ही माहिती आपल्या आजी-आजोबांना सोप्या शब्दांत समजावून सांगावी, एवढीच आमची विनंती आहे.