निरगुडीचे तेल आणि झुडपांच्या औषधी गुणांविषयीचे गैरसमज

समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या अंकुशनगरच्या परिसरात, म्हणजे अंबड तालुक्यातील गोदावरीकाठच्या ऊसपट्ट्यात, ओढ्याकाठी निरगुडी, पडीक जागेत घाणेरी, कुंपणाला अडुळसा आणि दारात कण्हेर ही झुडपे सहज दिसतात. त्यांच्या औषधी गुणांविषयीचे पारंपरिक ज्ञान मोलाचे आहे. मात्र बाजारात बाटलीबंद तेले आल्यापासून त्यात काही गैरसमज मिसळले आहेत.

पहिला आणि सर्वांत रुजलेला गैरसमज असा की, निरगुडीचे तेल म्हणून जे विकले जाते तेच तिचे सुगंधी तेल होय. वास्तविक आयुर्वेदातील निरगुडी तेल हे सिद्ध तेल आहे, म्हणजे पाल्याचा रस तिळाच्या तेलात मंद आचेवर, पाण्याचा अंश उडून जाईपर्यंत आटवून ते तयार होते आणि त्यातील बहुतांश भाग तिळाच्या तेलाचाच असतो. याउलट सुगंधी तेल, ज्याला शास्त्रीय भाषेत बाष्पनशील तेल म्हणतात, ते पाल्यातून वाफ सोडून आणि ती वाफ थंड करून मिळवले जाते. पाण्यावर तरंगणारा हा पातळ थर इतका अल्प असतो की शंभर किलो पाल्यातून एक किलोही तेल हाती लागत नाही. कागदावर थेंब टाकून ठेवल्यास शुद्ध सुगंधी तेल बहुतांशी उडून जाते, तर सिद्ध तेलाचा तेलकट डाग कायम राहतो. सिद्ध तेल अंगाला चोळता येते. सुगंधी तेल मात्र शंभर मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात एक-दोन मिलिलिटर इतके विरळ केल्याशिवाय त्वचेला लावणे योग्य नव्हे. सुजेवर निरगुडीच्या पाल्याने शेक देण्याची रीत जुनी आहे आणि प्राण्यांवरील प्रयोगांत तिचा दाहशामक गुण दिसलाही आहे. परंतु तेवढ्यावरून संधिवात मुळापासून बरा होतो असे म्हणणे हा अतिरेक ठरतो.

प्रत्येक सुवासिक फुलातून वाफेने तेल निघते, ही समजूतही खरी नाही. मोगऱ्याचा नाजूक सुवास वाफेच्या उष्णतेत बिघडतो, म्हणून त्याचा अर्क मुख्यतः द्रावकाच्या साहाय्याने काढतात. जास्वंदीत तर सुगंधी तेल जवळपास नसतेच. केसांसाठीचे जास्वंद तेल म्हणजे फुले उकळलेले खोबरेल होय.

औषधी गुण वासातच असतो, हा समज अडुळशाने खोटा ठरवला आहे. त्याच्या पानांतील परिणामकारक घटक व्हॅसिसीन हा अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजनयुक्त कडू द्रव्य, असून त्याच्याच रचनेवरून पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. हेच व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन वाढवते, त्यामुळे गर्भवतीला घरचा काढा म्हणून अडुळसा देणे धोक्याचे आहे.

‘झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य या विषयातील सर्वांत घातक वाक्य म्हणावे लागेल. घाणेरी ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील, शोभेसाठी भारतात आणलेली; तिच्या पाल्यातील लँटाडीन द्रव्यांनी गुरांचे यकृत निकामी होते आणि उन्हात त्यांची कातडी सोलवटते. कण्हेरीचे मूळ, पान, फूल, बी असे प्रत्येक अंग विषारी असून ते हृदयाच्या ठोक्यांवर आघात करते, म्हणून घरगुती औषधात तिला स्थान नाही. निलगिरी किंवा कापूर तेलासारखे शुद्ध तेल चमचाभर पोटात गेले तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात.

त्यामुळे अशा बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशाच ठेवाव्यात, आणि मुलाने तेल प्यायल्यास त्याला ओकारी काढायला न लावता बाटलीसह ताबडतोब रुग्णालयात न्यावे, कारण ओकताना हे पातळ तेल फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो.