तोडफोड गेला, आरेचं गाणं राहिलं

चोरखमाऱ्याच्या गेटमधून पहाटे नागझिऱ्याच्या रानात शिरलेली जिप्सी मध्येच थांबते. इंजिन बंद. गाइड बोट ओठांवर ठेवतो. कुठे चितळाचा कॉल येतो, कुठे वानर खाकरतं आणि वाघ कोणत्या अंगाला आहे याचा अंदाज बांधला जातो. रानाचं असं ऐकणाऱ्या माणसाला ‘द वारली रिव्होल्ट’ हे रॅप गाणं परकं वाटू नये. २०१९ मध्ये मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटाने ते काढलं. विषय मुंबईतलं आरेचं जंगल. आरेतलेच आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात आहे.

या गटातला गुजराती रॅपर धर्मेश परमार, म्हणजे ‘एमसी तोडफोड’, २० मार्च २०२२ रोजी गेला. वय अवघं २४.

गुजराती गाणं म्हटलं की लोकांना गरबा आठवतो. हा पोरगा त्याच भाषेत सत्तेला जाब विचारत होता, आणि ते ऐकणारे बहुतेक बिगरगुजराती! ‘स्वदेशी’चा थाटच तसा. एकाच मंचावर एमसी मवालीची मुंबईची मराठी, अमरावतीच्या ‘१०० आरबीएच’चा वऱ्हाडी ठसका आणि धर्मेशची गुजराती. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ प्रकल्पात या पोरांनी कर्नाटकी ताल गिरवले. तिथे बोल हातांनी वाजवण्याआधी तोंडाने म्हणतात, त्याला कोन्नकोल म्हणतात. रॅपरचं कामही शेवटी तेच, तालाच्या खाचेत शब्द बसवणं. याच वळणाचं ‘इंडिया ९१’ हे गाणं ‘गली बॉय’ चित्रपटात आलं आणि धर्मेशचा आवाज देशभर पोचला.

झाडीपट्टीला हे नवं नाही म्हणा. इथल्या खडी गंमत या लोकनाट्यातला शाहीर डफावर सवाल टाकतो, समोरचा उभ्या उभ्या जवाब जुळवतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ च्या सुमारास पोरांनी हाच खेळ मायक्रोफोन हाती घेऊन मांडला, तेच रॅप. त्या संगीताच्या वाट्याला तरुण मरणंही फार आली. अमेरिकी रॅपर टुपाक २५ व्या वर्षी गेला, बिगी २४ व्या, दोघेही गोळीबारात. त्यांचे चेहरे अजून भिंतींवर रंगवले जातात. आपल्याकडे गावात कुणी गेलं की भजनी मंडळ खंजिरी घेऊन रात्र जागवतं. शोक गाऊनच करायचा, ही समजूत दोन्हीकडे सारखीच.

धर्मेशसाठी ‘गली बॉय’मधले रणवीर सिंग, सिद्धांत चतुर्वेदी हळहळले. बातम्यांनी त्याला ‘गली बॉयचा रॅपर’ म्हटलं. ओळख सोयीची, पण तोकडी. त्याचा ‘ट्रुथ अँड बेस’ हा अल्बम त्याच मार्चमध्ये आला होता.

आरेतली झाडं मात्र गाण्याने वाचली नाहीत. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती सुरू झाल्या आणि दोन हजारांहून अधिक झाडं आडवी झाली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी मेट्रो-३ च्या आरे ते बीकेसी टप्प्याचं उद्घाटन झालं. त्यावर गुजरातीत चार ओळी जुळवायला तोडफोड नव्हता.