सेकंदाच्या विसाव्या भागाचा कारभार

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळाचे जग ज्या सर्व्हरवर नांदत असते, त्याला दर सेकंदाला २० वेळा आपल्या साऱ्या जागत्या सृष्टीचा हिशेब करावा लागतो, आणि त्यांपैकी कोणत्याही एका हिशेबासाठी ५० मिलिसेकंदांहून अधिक अवधी घेण्याची मुभा त्याला नसते. या अवधीला खेळाडू ‘टिक’ म्हणतात. कोणाच्या कुदळीने कोणता दगड फुटला, पाणी उतारावरून किती पुढे सरकले, भट्टीतले लोखंड किती तापले, हे तर एका टिकमध्ये ठरतेच. शिवाय १६ ठोकळे लांब, तितकेच रुंद आणि तितकेच उंच अशा प्रत्येक खंडातून तीन ठोकळे यदृच्छेने निवडले जातात, आणि त्यांत गव्हाचे रोप निघाले, तर ते वाढावे की नाही याचाही निर्णय तेथेच होतो. हे सारे वेळेत उरकले नाही आणि सेकंदाला २० ऐवजी १० च टिक साधले, तर खेळातला २० मिनिटांचा अहोरात्र ४० मिनिटांचा होतो, फोडलेला ठोकळा क्षणभराने पुन्हा जागेवर दिसू लागतो, आणि मुले ‘लॅग’ आल्याची तक्रार करतात.

स्वीडनच्या मार्कुस पर्सन याने २००९ साली लोकांपुढे ठेवलेला हा खेळ २०११ च्या नोव्हेंबरात पूर्णरूपाने प्रसिद्ध झाला, आणि तो चालवणारी मोजांग ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०१४ साली अडीच अब्ज डॉलरांना घेतली. अनेकांनी मिळून तो खेळताना प्रत्येकाच्या पडद्यावर जग दिसते खरे. पण ते केवळ चित्र होय. सत्य काय, याचे दप्तर एकट्या सर्व्हरपाशी असते. खेळाडूचे यंत्र ‘मी हा ठोकळा फोडला’ असा अर्ज करते, तो ठोकळा खेळाडूच्या हाताच्या टप्प्यात होता की नाही याची रुजुवात सर्व्हर घेतो, आणि मगच ती घटना सर्वांना कळवली जाते. दूरदूरच्या यंत्रांत एकच सत्य नांदवणे हा संगणकशास्त्रातला एक मूलभूत प्रश्न आहे, आणि पंधरा वर्षांचा मुलगा मित्रांसाठी सर्व्हर उभारतो तेव्हा तो या प्रश्नाशी प्रत्यक्ष झुंजत असतो.

त्यात मॉडांची भर पडली की कारभार खरोखरच कठीण होतो. मॉड म्हणजे मूळ कंपनीबाहेरच्या हौशी कारागिरांनी लिहिलेली पुरवणी: कोणी वाफेची यंत्रे आणतो, कोणी नवी अरण्ये, कोणी दुसरे ग्रह. फोर्ज किंवा फॅब्रिक यांसारख्या चौकटींत असे शेकडो मॉड एकत्र बसवता येतात. परंतु एकमेकांना कधीही न भेटलेल्या या लेखकांचे हुकूम अखेर त्याच ५० मिलिसेकंदांत बजावले जायचे असतात. पूर्वी प्रत्येक प्रकारच्या ठोकळ्यास ४,०९६ च्या आतला एक क्रमांक असे. दोन मॉडांनी एकाच क्रमांकावर हक्क सांगितला, की सर्व्हर चालवणाऱ्याला फायली उघडून हातानेच तंटा मिटवावा लागे. पुढे क्रमांकाऐवजी मॉडचे नाव आणि त्यापुढे वस्तूचे नाव लिहिण्याची पद्धत रूढ झाली, आणि हे तंटे संपले.

वेळ कोठे खर्ची पडतो हे पाहण्यासाठी स्पार्क नावाचे एक साधन सर्व्हरवर बसवतात. त्याचा अहवाल वाचू लागले, की अपराधी पुष्कळदा भलताच निघतो. भल्यामोठ्या यंत्रशाळेऐवजी एखादे कोंबड्यांचे खुराडेही निघते. एकमेकांना खेटलेला प्रत्येक प्राणी शेजाऱ्याला ढकलतो; एका जागी १०० कोंबड्या दाटल्या तर अशा जोड्या ४,९५० होतात आणि २०० दाटल्या तर १९,९००, म्हणजे संख्या दुप्पट होताच काम जवळजवळ चौपट. एकाच जागेत २४ पेक्षा अधिक प्राणी कोंबले तर त्यांना इजा होऊ लागते, असा जो नियम मूळ खेळात आहे, तो या गर्दीला आळा घालतो. अशा वेळी अधिक प्रोसेसर-कोअर असलेले महाग यंत्र आणून फारसे साधत नाही, कारण जगातील घटनांचा क्रम ठरवणारा मुख्य धागा, म्हणजे एकापाठोपाठ एक चालणारी कामांची साखळी, एकच असतो. एका जात्यावर सोळा जणी बसवल्या म्हणून दळण सोळा पट वेगाने होत नाही. अशा सर्व्हरला हवा असतो तो एकाच कोअरचा वेग.

अंतराचीही मर्यादा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते फ्रँकफर्ट हे सरळ अंतर साडेसहा हजार किलोमीटरांच्या आसपास धरले, तर नुसत्या जाण्यायेण्यालाच ६५ मिलिसेकंद, म्हणजे एका टिकहून अधिक काळ लागतो. जर्मनीत शिकायला गेलेल्या मित्राला हा विलंब कोणत्याही पैशाने टाळता येत नाही.

आणि सर्व्हर उघडा ठेवणे म्हणजे दार उघडे ठेवणे, हेही ध्यानात असावे. २०२१ च्या डिसेंबरात नोंदी ठेवणाऱ्या ‘लॉग फोर जे’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात असा दोष सापडला, की खेळातल्या संवादाच्या चौकटीत एक विशिष्ट ओळ टंकताच परक्याला त्या यंत्रावर आपला हुकूम चालवता येई. २०२३ च्या जूनमध्ये तर प्रतिष्ठित संग्रहांवरील काही मॉडांतच घातक प्रणाली दडवल्याचे उघड झाले. म्हणून परिचितांचीच नावे असलेली व्हाइटलिस्ट, वेळच्या वेळी नव्या आवृत्त्या आणि मॉड कोठून घेतला याची चौकशी, एवढा बंदोबस्त प्रत्येक सर्व्हरवाल्याने केलाच पाहिजे.

एखादा मॉड काढून टाकला, की त्याने आणलेले ठोकळे पुढच्या वेळी जग उघडताना नाहीसे होतात, आणि मित्रांनी कित्येक महिने खपून बांधलेले नगर भगदाडांनी भरते. तेव्हा जे तरुण असा सर्व्हर चालवतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की कोणताही मॉड चढवण्यापूर्वी अथवा उतरवण्यापूर्वी सर्व्हर बंद करून जगाची संपूर्ण प्रत दुसऱ्या यंत्रावर घ्या, आणि ती प्रत तेथे खरोखर उघडते की नाही हे त्याच दिवशी पाहून ठेवा.